हवाई अंतर आणि उड्डाणकाळ

दोन विमानतळांना पृथ्वीच्या पृष्ठभागावरून जोडणाऱ्या सर्वांत जवळच्या मार्गाची लांबी म्हणजे हवाई अंतर. हा मार्ग बृहद्‌वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर कापलेल्या वर्तुळाचा, कंस असतो. सपाट नकाशा याबाबतीत चांगलाच चकवतो. न्यूयॉर्क आणि बीजिंग साधारण ४० उत्तर अक्षांशावर आहेत, म्हणून त्याच अक्षांशावरून सरळ पश्चिमेला जावे असे वाटते. तसे गेल्यास १४,००० किमीहून अधिक अंतर पडते. बृहद्‌वृत्तावरून उत्तर ध्रुवाजवळून गेल्यास ते सुमारे ११,००० किमी भरते.

पृथ्वी ६,३७१ किमी त्रिज्येचा गोल मानून अक्षांश-रेखांशांवरून हे अंतर काढता येते. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने त्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. प्रवाशाच्या दृष्टीने तो नगण्यच.

वेळेचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. ताशी ९०० किमी वेगाने भागून चढ-उतारासाठी अर्धा तास मिळवायचा, ही ढोबळ रीत लांब पल्ल्यावर फसते, कारण विमानाचा हवेतला वेग आणि जमिनीच्या सापेक्ष वेग वेगळे असतात. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्यामुळे सुमारे ५,५४० किमीचा न्यूयॉर्क–लंडन प्रवास परतीच्या प्रवासापेक्षा तासाभराने लवकर संपतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यांच्या साथीने ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ हे अंतर ४ तास ५६ मिनिटांत कापून लंडनला उतरले. वाटेत जमिनीच्या सापेक्ष त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या पुढे गेला होता. तरीही ते ध्वनीपेक्षा वेगवान ठरले नाही, कारण भोवतालची हवाच त्याच्यासोबत धावत होती.

राजकारणामुळेही वेळ बदलते. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय विमानांना बंद झाले आणि हेलसिंकी–टोकियो प्रवास सुमारे साडेनऊ तासांवरून तेरा तासांवर गेला. दोन्ही शहरांमधले हवाई अंतर मात्र होते तेवढेच राहिले.

वेळापत्रकातली वेळ विमान फलाटावरून हलल्यापासून दुसऱ्या फलाटावर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची रांग तिच्यातच मोजलेली असते. शिवाय निघण्याची व पोहोचण्याची वेळ ज्या त्या ठिकाणची असते. ऑकलंडहून संध्याकाळी सुटलेले विमान आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून त्याच तारखेला, तेही निघण्याच्या वेळेआधी, लॉस एंजेलिसला पोहोचते.

सिंगापूर–न्यूयॉर्क ही सध्याच्या सर्वांत लांब थेट सेवांपैकी एक आहे: अंतर सुमारे १५,३०० किमी, वेळ अठरा तासांहून अधिक. बृहद्‌वृत्ताचा मार्ग ध्रुवाजवळून जातो, पण न्यूयॉर्कला निघालेले विमान पुष्कळदा तो सोडून पॅसिफिकवरून पूर्वेकडे वळते. वाट लांबते, पण पाठीशी वारा मिळतो आणि इंधन वाचते.