पार्श्वभूमी : शिकेकाई म्हणायचे तरी कशाला?

शाम्पू सोडून ‘आजीच्या पद्धतीने’ केस धुण्याविषयी बोलताना एक गोष्ट सगळे धरूनच चालतात. आधी शिकेकाई होती, मग शाम्पू आला आणि शिकेकाई गेली. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत क्रम असा नव्हता. मधली दोन-तीन दशके साबणाची आहेत. शिकेकाईला मोरीतून बाहेर काढले ते साबणाने, आणि तेही शिकेकाईचेच नाव लावून.

फार जुन्या काळाबद्दल थोडक्यात. रिठ्याचा दाखला मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सापडतो, पण तो केसांसाठी नाही. रेशमी आणि लोकरीची वस्त्रे खाऱ्या मातीने, कांबळी रिठ्याने, क्षौम म्हणजे जवसाच्या धाग्याची वस्त्रे पांढऱ्या मोहरीने शुद्ध करावीत, असे तिथे म्हटले आहे. आजही पैठणी किंवा शालू रिठ्याच्या पाण्यात धुतात, सोनार दागिने उजळायला रिठे वापरतात. तो दाखला या कामांच्या जास्त जवळचा. रिठ्याच्या ‘सॅपिंडस’ या लॅटिन नावात ‘भारतीय साबण’ एवढाच अर्थ आहे, केसांचा त्यात पत्ता नाही.

खरा गुंता शिकेकाईचा. मुळात हा शब्द मराठी नव्हे. शेवटचे ‘काई’ म्हणजे कानडी ‘कायि’, कोवळे फळ किंवा शेंग. तेंगिनकायि म्हणजे नारळ, बदनेकायि म्हणजे वांगे, नुग्गेकायि म्हणजे शेवग्याची शेंग. अक्कलकोट, जत, गडहिंग्लजकडच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. ‘सीगे’ हे त्या काटेरी वेलीचे नाव, म्हणून सीगेकायि म्हणजे सीगेची शेंग. तमिळ ‘सीयक्काय’ याच घरातले. तरीही ‘शिका म्हणजे केस आणि काई म्हणजे फळ, म्हणून शिकेकाई म्हणजे केसांचे फळ’ ही व्युत्पत्ती पाकिटांच्या मागच्या बाजूवर इतक्या वेळा छापली गेली आहे की ती खोडायला गेलेला माणूसच आगाऊ ठरतो. संस्कृत ‘शिखा’शी उच्चार जुळतो, याखेरीज तिला आधार नाही. नाव कानडी म्हणून शेंगही तिकडूनच आली, असे मात्र नव्हे. वेल सह्याद्रीत आणि कोकणात आपोआप उगवते. रानात वेल होतीच, नाव बहुधा पेठेने दिले.

संस्कृतात तिला ‘सप्तला’ म्हणतात, असे वैद्यांपैकी बरेच जण सांगतात. चरकसंहितेच्या कल्पस्थानात शंखिनीच्या जोडीने सप्तलेवर एक अख्खा अध्याय आहे. पण तिथे सप्तला रेचक आहे, पोट साफ करणारी. शिवाय सप्तला म्हणजे शिकेकाई की शेराच्या कुळातली चीक येणारी दुसरीच वनस्पती, यावर वैद्यांचे एकमत नाही. ‘हजारो वर्षांची शिकेकाई’ या जाहिरातीतल्या वाक्याचा बराच भार या न सुटलेल्या ओळखीवर आहे.

वनस्पतिशास्त्रानेही तिला स्वस्थ बसू दिलेले नाही. बाभूळ, खैर आणि शिकेकाई एके काळी एकाच ‘अकॅशिया’ प्रजातीत मोडत. ही प्रजाती फोडावी लागणार हे स्पष्ट झाल्यावर मूळ नाव कोणत्या गटाकडे ठेवायचे, असा वाद उभा राहिला. 2005 साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ते ऑस्ट्रेलियातल्या गटाला दिले गेले, कारण तिथल्या जातींची संख्या हजाराच्या घरात होती आणि तेवढी नावे बदलण्यापेक्षा इतरांची थोडी बदलणे सोयीचे होते. आफ्रिकेतून आणि अन्यत्रही याला जोरदार विरोध झाला, तरी 2011 साली मेलबर्नला निर्णय कायम राहिला. मूळ ग्रीक नाव पडले होते इजिप्तच्या बाभळीवरून, म्हणजे आपल्याच बाभळीवरून, आणि नेमके तिनेच ते गमावले. बाभूळ ‘व्हॅशेलिया’ झाली, खैर आणि शिकेकाई ‘सेनेगॅलिया’त गेले. सोयीचा हिशेब पटण्यासारखा असला, तरी ज्याच्यावरून नाव पडले त्यालाच बेनाम करणे जरा अतीच झाले. पाकिटांवर बहुतेक ठिकाणी अजून ‘अकॅशिया कॉन्सिना’च छापतात.

आणि घरातली शिकेकाई तर या सगळ्याहून वेगळी. ‘शिकेकाई दळून आणली’ असे म्हणताना एकटी शेंग कुणाच्या डोळ्यांपुढे नसे. शेंगा, रिठे, आवळकाठी, नागरमोथा, संत्र्याची वाळलेली साल, मूठभर मेथ्या, जमल्यास वाळा आणि कपूरकाचरी, हे सगळे उन्हात खडखडीत वाळवून एकत्र दळायचे. प्रमाण घरागणिक वेगळे. आमच्या गिरणीवाल्याचा नियम होता की शिकेकाई दिवसाच्या शेवटी आणायची. एरवी पुढच्या गिऱ्हाईकाच्या पिठाला वास लागायचा आणि शिंकांनी गिरणी बंद पडायची वेळ यायची. पुढे कांडप यंत्रे आली तशी ही कटकट मिरच्या-मसाल्याच्या रांगेत गेली. ‘शिकेकाईने केस कोरडे पडले’ असे आज कुणी सांगते तेव्हा पहिला प्रश्न हवा, त्या पुडीत रिठे किती होते? रिठा जास्त पडला की केस काथ्यासारखे होतात. दुसरा प्रश्न तेलाचा. शिकेकाईतले सॅपोनिन, म्हणजे तिच्यातला फेस आणणारा घटक, सौम्य असते. आदल्या रात्री चोपडलेले खोबरेल ते अर्धेमुर्धे काढते आणि बाकीचे केसांत ठेवते. तेल न लावता नुसतीच शिकेकाई वापरणे ही आजीची पद्धत नव्हे, तो नवा प्रयोग आहे.

तसा कष्टांचा भाग सहसा कुणी आठवत नाही. बंब पेटवायचा, पूड पातेल्यात उकळायची, फडक्याने गाळायची, तरी चोथा केसांत अडकायचाच. डोळ्यांत गेली की दिवसभर चुरचुर. लांब केस एकटीला धुता येत नसत, पाणी घालायला दुसरी बाई लागे. त्यामुळे ‘न्हाणे’ ही रोजच्या अंघोळीहून वेगळी, वार बघून करायची गोष्ट झाली. पाळीनंतर चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाणे सक्तीचे, आणि तेव्हा दिवस हिवाळ्याचा की तापाचा, हे कुणी विचारत नसे. ज्या आज्यांच्या नावाने हे सगळे सांगितले जाते, त्यांच्याही आज्यांपैकी कित्येकींना हा प्रश्नच नव्हता, कारण विधवेच्या डोक्यावर केसच ठेवत नसत. 1890 साली मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करायला एकत्र येऊन नकार दिला, तो याच समाजातला.

साबण आधी अंगाला आला, डोक्याला नंतर. प्राण्यांच्या चरबीमुळे पुष्कळ घरांत त्याला मज्जाव होता. 1920 च्या आसपास मुंबईत वनस्पती तेलाचे साबण बनू लागले आणि तो अडसर निघाला. पुढे स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत शिकेकाईच्या नावाच्या हिरवट-तपकिरी वड्या घरोघर पोचल्या. वास ओळखीचा, रंग ओळखीचा, उकळणे-गाळणे नाही आणि डोळे थोडे कमी चुरचुरतात. घरातल्या बाईने ही वडी उचलली यात तिचे काहीच चुकले नाही. चूक असेल तर नावात होती. वडी शेवटी साबणाचीच, म्हणजे अल्कधर्मी; तिचा सामू (पीएच) 9-10 च्या आसपास, तर शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी आणि टाळूचा सामू साधारण 5.5.

त्यात दख्खनच्या विहिरींचे जड पाणी. शाळेच्या पुस्तकात त्याला ‘दुष्फेन’ म्हणतात. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की न विरघळणारा राप तयार होतो, तोच केसांवर चिकट थर होऊन बसतो. सॅपोनिनचे तसे होत नाही. म्हणजे जुनी वस्तू इथल्या पाण्याला मानवणारी होती आणि नवी नव्हती. शाम्पू पुढे इतक्या सहज का रुजला, याचेही उत्तर यातच आहे. शाम्पूतल्या कृत्रिम फेसकांचाही असा राप होत नाही. शाम्पूची स्पर्धा शिकेकाईशी नव्हतीच, ती साबणाच्या वडीशी होती.

शाम्पू हा शब्द मात्र इथूनच तिकडे गेला. मूळ हिंदी ‘चांपना’, म्हणजे दाबणे. आपली चंपी त्याचीच बहीण. 1759 साली पाटण्यात जन्मलेल्या एका गृहस्थाने ब्रायटनला वाफेच्या स्नानाबरोबर अंग रगडून देण्याचा धंदा मांडला आणि इंग्लंडच्या राजापर्यंत पोचला. त्या वेळी शाम्पू म्हणजे मालिश. केस धुण्याचा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिकटला.

भारतात तो खेडोपाडी पोचला तो बाटलीतून नव्हे, पुडीतून. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात तमिळनाडूतल्या लहान उत्पादकांनी एका न्हाण्यापुरत्या पुड्या काढल्या. त्यांच्यापैकी एकाने कोणत्याही कंपनीच्या पाच रिकाम्या पुड्यांवर आपली एक फुकट द्यायला सुरुवात केली, आणि गिऱ्हाईक वळल्यावर अट बदलून पाचही पुड्या आपल्याच हव्यात असे केले.

शाम्पू टाळण्याची आजची हवा पाश्चात्त्य देशांतून आली. 2007 साली ऑस्ट्रेलियातल्या एका रेडिओ निवेदकाने श्रोत्यांना सहा आठवडे शाम्पू न वापरण्याचे आव्हान दिले. पाचशेहून अधिक लोकांनी भाग घेतला आणि त्यांतल्या 86 टक्क्यांनी केस पूर्वीसारखेच किंवा अधिक चांगले असल्याचे सांगितले. ही शास्त्रीय चाचणी नव्हती, ज्याने त्याने आपापले सांगितले. तिकडून आलेल्या कृतींत खायचा सोडा आणि व्हिनेगर असते. सोडा पुन्हा अल्कधर्मीच, म्हणजे साबणाला टाळून साबणाच्याच वाटेला जाणे. इकडे येता येता त्या कृतींना शिकेकाईची जोड मिळाली आणि सगळे मिळून ‘नैसर्गिक’ झाले. तयार मिश्रणे आता घरपोच येतात, किलोमागे घरी दळलेल्या पुडीच्या कितीतरी पट भावाने. दरम्यान 22 सप्टेंबर 2025 पासून शाम्पूवरचा वस्तू व सेवा कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे ‘शाम्पू परवडत नाही, शिकेकाई स्वस्त’ हा युक्तिवाद तूर्त तरी लंगडा पडतो.