रिझर्व्हचा दिवा आणि मोहरीएवढा मणी

गेल्या महिन्यात माझा भाचा मोटरसायकलवरून गोव्याहून बेळगावला येत होता. मागे मित्र, दोघांच्या पाठीला सॅक. घाटाखालच्या साखळी गावातल्या पंपावर गाड्यांची रांग होती आणि डिस्प्लेवर अजून ५५ किलोमीटरचा आकडा दिसत होता, म्हणून हा थांबला नाही. दोघं चोर्ला घाट चढून वर आले आणि कणकुंबीच्या अलीकडे गाडी दोन आचके देऊन गप्प झाली. धुकं, पाऊस, मोबाइलला नेटवर्क नाही. गावातल्या एका भल्या माणसानं स्वतःच्या गाडीला नळी लावून बाटलीभर पेट्रोल काढून दिलं, तेव्हा कुठं पोरं रात्री घरी पोचली.

दारातच त्याचं सुरू झालं, "मामा, पंचावन्न दाखवत होतं की! पंचावन्न कुठं झाले? मीटर खोटं बोलतंय."

मीटर खोटं बोलत नव्हतं. ते मागच्या रस्त्याबद्दल बोलत होतं आणि भाचा ते पुढच्या रस्त्याला लावत होता.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे प्रदूषणाचे नियम आले आणि हवेत पेट्रोल मिसळणारे मोटरसायकलींचे कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाले. आता इंजेक्टर नावाची बारीक तोटी पेट्रोल फवारते. ती कितीदा उघडली, दरवेळी किती मिलिसेकंद उघडी राहिली, याची नोंद गाडीतला छोटा संगणक ठेवतो. त्यावरून किती पेट्रोल जळलं ते त्याला कळतं. टाकीत किती उरलंय हे तो साधारणपणे फ्लोटकडून, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या तुकड्याकडून घेतो. मग मागच्या काही किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज काढून उरलेल्या पेट्रोलला त्यानं गुणतो, आणि आलेला आकडा आपल्याला दाखवतो. भाचा गोव्यातल्या सपाट रस्त्यानं आरामात पन्नासचं अ‍ॅव्हरेज घेत आला होता. पंचावन्न किलोमीटर म्हणजे टाकीत साधारण १.१ लिटर. समोर घाट उभा आहे, हे त्या संगणकाला कोण सांगणार?

घाटाचा हिशेब नववीच्या पुस्तकातला आहे. गाडी, दोन माणसं, सामान मिळून २८० किलो धरू. साखळीपासून घाटमाथ्यापर्यंत सातशे मीटर तरी चढ आहे. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची, म्हणजे सुमारे १९ लाख ज्यूल. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२० लाख ज्यूल असतात, पण लहान इंजिन त्यातला पाव हिस्सा कसाबसा चाकापर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे कामाचे ८० लाख. एकोणीस भागिले ऐंशी केलं की पाव लिटर येतं. नुसतं वर चढायला पाव लिटर, आणि पन्नासच्या हिशेबानं ते बारा किलोमीटर झाले! वळणावळणाला दुसऱ्या गिअरवर ओढलेलं इंजिन त्यात धरलेलंच नाही. त्याच कणकुंबीत मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. पलीकडच्या उतारावरचं पाणी म्हादईतून अरबी समुद्राला मिळतं. ज्या कड्यावर पाण्याची वाटणी होते, तो चढायला गाडीला पेट्रोल मोजावं लागणारच.

उलट्या बाजूनं, म्हणजे बेळगावहून घाट उतरताना हाच आकडा चढत जातो. गिअरमध्ये ठेवून थ्रॉटल पूर्ण सोडला की बहुतेक इंजेक्शनच्या गाड्या पेट्रोलचा फवारा बंदच करतात, चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये टाकलं तर इंजिन चालू ठेवायला पुन्हा थोडं थोडं पेट्रोल लागतं. तेव्हा 'न्यूट्रल मारून उतरलं की पेट्रोल वाचतं' हे या गाड्यांबाबत चूक आहे, आणि ब्रेक तापवून घेणं वेगळंच.

जुन्या गाड्यांत आकडा नव्हता, दिवा नव्हता, टाकीखाली कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी होती. ऑन, ऑफ, रिझर्व्ह. पुष्कळांना अजून वाटतं की रिझर्व्ह म्हणजे टाकीत वेगळा कप्पा. कप्पा नसतो. कॉकच्या वर टाकीत पितळेची एक बारीक नळी उभी असते. 'ऑन'वर पेट्रोल त्या नळीच्या वरच्या तोंडातून येतं, 'रिझर्व्ह'वर तळाजवळच्या भोकातून. पातळी नळीच्या तोंडाखाली गेली की गाडी खोकते, आपण चालत्या गाडीवर डाव्या हातानं कॉक फिरवतो आणि पुन्हा चालू. रिझर्व्ह म्हणजे त्या नळीची उंची, बस. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीच्या आतच बसतो आणि कॉक गेला. इशारा द्यायचं काम आता दिव्याकडे आलं.

हा दिवा मला फार आवडतो. भाच्याची गाडी दुसऱ्या दिवशी वडगावच्या मिस्त्रीकडे नेली, तेव्हा शेजारी एका जुन्या परदेशी गाडीचा पंप उघडून ठेवला होता. मिस्त्रीनं त्याच्या बाजूला असलेली भोकं पाडलेली छोटी डबी नखानं उघडली. आत दोन तारांच्या टोकाला मोहरीपेक्षा जरासा मोठा काळपट मणी. "सर, हा मणी वाळला की दिवा लागतो बघा," तो म्हणाला. त्या एका वाक्यात सगळं भौतिकशास्त्र आहे.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत दिवा फ्लोटच्याच मापावरून लागतो. फ्लोट खाली गेला की त्याच्या दांडीचा काटा रोधाच्या, म्हणजे विजेला अडथळा करणाऱ्या पट्टीवर सरकतो. ही जुनी, सरळ कल्पना आहे. मणी मात्र पातळी मोजतच नाही. आपण ओले आहोत की कोरडे, एवढंच तो सांगतो.

तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो, कारण अणू जोरात थरथरतात आणि इलेक्ट्रॉनांची वाट अडवतात. या मण्याचं उलट. तो मँगनीज, निकेल अशा धातूंच्या ऑक्साइडांचा भाजून केलेला असतो. त्यात इलेक्ट्रॉन मोकळे फिरत नाहीत, एका अणूवरून दुसऱ्यावर उडी मारत पुढे जातात आणि ती उडी मारायला उष्णतेची मदत लागते. म्हणून मणी तापला की रोध घसरतो. रोध असा उलटा वागू शकतो, हे मायकेल फॅरडेनं १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडवर पाहून ठेवलं होतं. अशा मण्याला थर्मिस्टर म्हणतात.

आता जोडणी बघा. १२ व्होल्टची बॅटरी, मीटरमधला छोटा बल्ब आणि हा मणी, तिघं एकाच रांगेत. थंड मण्याचा रोध हजार ओहम धरू. मग विद्युतधारा जेमतेम १२ मिलिअँपिअर. एवढ्यावर बल्ब पेटत नाही, पण मण्यात सुमारे ०.१४ वॅट उष्णता मात्र सतत तयार होत असते. मणी पेट्रोलमध्ये बुडालेला असेल तर पेट्रोल ती उष्णता ओढून नेतं, कारण ते हवेपेक्षा चार-पाच पट चांगलं उष्णतावाहक आहे. मणी थंडच राहतो. पातळी खाली गेली, मणी उघडा पडला, की उष्णता जायला वाट राहत नाही. मणी तापतो, रोध उतरतो, धारा वाढते, धारा वाढली म्हणून मणी आणखी तापतो. हे चक्र सुरू झालं की रोध पाहता पाहता दहाव्या हिश्श्याखाली येतो आणि बल्ब उजळतो. मग मणी तापत तापत जळून का जात नाही? कारण रांगेत बल्बही आहे. मण्याचा रोध बल्बच्या रोधाइतका झाला की त्याच्या वाट्याची उष्णता सर्वांत जास्त होते, त्यापुढे रोध उतरला तर ती कमी होऊ लागते आणि तापमान एका ठिकाणी स्थिरावतं. इथं गणित थोडं चढाचं आहे, पण कागदावर मांडून बघा, अतिशय देखणं आहे.

पेट्रोलच्या टाकीत गरम मणी म्हटल्यावर भीती वाटणं साहजिक आहे. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच पेटते. बंद टाकीत तिचं प्रमाण याच्या कितीतरी पट असतं, म्हणजे जळायला लागणारी हवाच अपुरी पडते. शिवाय आपोआप पेट घ्यायला अडीचशे अंशांच्या वरचं तापमान लागतं. मणी तिथपर्यंत जात नाही.

ओला-कोरडा एवढंच कळत असल्यामुळे या दिव्याचे चाळे समजतात. गाडी उतारावर नाकाडावर झुकली की पेट्रोल टाकीच्या पुढच्या भागात जातं. मणी मागे असेल तर तो उघडा पडतो, दिवा लागतो. सपाटीला आलं की विझतो. मणी तापायला थोडा वेळ लागतो, म्हणून दिवा लगेच लागत नाही, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर पेट्रोल हिंदकळून त्याला भिजवत राहतं तेव्हा लुकलुकतो. फ्लोटच्या गाड्यांतही झुकण्याचा घोळ असतोच. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, तेव्हा मीटर बघून काही ठरवू नये.

आमच्या सीमाभागात पेट्रोल उशिरा भरण्याचं आणखी एक कारण आहे. दर दोन राज्यांत वेगळा, त्यामुळे निपाणीवरून कोल्हापूरकडे जाणारा माणूस हद्दीवरच्या कोगनोळीच्या अलीकडे भरायचं की पलीकडे, हे मनात धरून गाडी हाकतो. चार रुपये वाचवायला पंप कोरडा चालवणं महागात पडतं, कारण टाकीतला विजेचा पंप त्या पेट्रोलनंच थंड राहतो.

पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून अ‍ॅव्हरेज वाढवून देतो म्हणणारे मात्र सरळ फसवतात. पेट्रोलवर चुंबकाचा परिणाम जवळजवळ शून्य असतो. त्यातले 'रेणू एका रांगेत' येत नाहीत, आणि आले तरी इंजेक्टरच्या तोंडातून फवारल्यावर रांग कुठली उरणार? हे कॉलेजात विज्ञान शिकलेली मंडळी विकत घेतात, याचा मला मनापासून त्रास होतो.

अ‍ॅव्हरेज खरोखर बदलतं ते इथेनॉलनं. आपल्या जिल्ह्यातल्या उसापासून इथेनॉल निघतं, आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता ते २० टक्क्यांपर्यंत असतं. इथेनॉलच्या लिटरमध्ये २१० लाख ज्यूलच. वरच्या ३२० शी मिसळून बघा, लिटरमागे सुमारे सात टक्के ऊर्जा कमी भरते. इंजिन त्यासाठी जुळवलेलं असेल तर घट तेवढी जाणवत नाही. तरी दहा वर्षांपूर्वीचा 'फुल टाकीत अमुक किलोमीटर' हा आकडा आता धरू नये.

मिस्त्रीनं भाच्याला एक काम लावलं. सपाट रस्त्यावर दिवा लागून तसाच राहिला की थेट पंपावर जाऊन टाकी फुल करायची आणि किती लिटर बसलं ते लिहायचं. १२ लिटरच्या टाकीत १०.३ बसलं. म्हणजे उरलं होतं १.७, त्यातलं तळाचं थोडं पंपाला मिळत नाही म्हणून दीडच धरायचं. आता त्याच्या टाकीच्या झाकणाशेजारी चिकटपट्टीवर पेननं लिहिलंय, 'दिवा लागला: सपाट ६५, घाट ४५'. टाकी भरली की ट्रिप मीटर शून्य.

मणी मी मिस्त्रीकडून मागून आणला आणि शाळेत मुलांना दाखवला. पेट्रोल वापरायचा प्रश्नच नव्हता, वाटीत खोबरेल तेल घेतलं. बॅटरी, छोटा बल्ब, मणी तेलात. काही नाही. एका मुलीनं तार धरून मणी वर उचलला. वर्ग मोठ्यानं आकडे मोजत होता. तेल ठिबकून गेलं, मणी कोरडा होत आला, बल्बची तार आधी लालसर, मग पिवळी झाली. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका पोरानं पुढे येऊन मण्यावर जोरात फुंकर मारली आणि दिवा मंद झाला. पुढचा अर्धा तास सगळ्यांना फुंकरच मारायची होती.