ट्रेलर थेट रेल्वेच्या चाकांवर : रोडरेलरसाठी अर्ज कोणी करायचा, कुठे करायचा आणि कागद नेमके कुठे अटकतात

नागपूरच्या वाडी, कापसी, बुटीबोरीकडचे दोन-चार ट्रेलरवाले ट्रान्सपोर्टर सध्या एकच प्रश्न विचारून राहिले आहेत, की आपला ट्रेलर रेल्वेच्या चाकांवर चढवून पाठवता येतो म्हणतात तर अर्ज कुठे करायचा. आणि अर्ज करून परत आलेले त्याहून जास्त आहेत. कागद परत येतो तेव्हा वर शेरा असतो "सक्षम प्राधिकाऱ्याकडे संपर्क साधावा" एवढाच, तो प्राधिकारी कोण हे लिहायची तसदी कोणी घेत नाही, मग माणूस एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत फिरत बसतो. म्हणून हे लिहितोय. सोप्या गोष्टी पटकन सांगतो, अडणाऱ्या गोष्टींवर वेळ घेतो.

आधी हे आहे काय. रोडरेलर म्हणजे असा ट्रेलर जो रस्त्यावर घोडा (ट्रेलर ओढणारं पुढचं इंजिन-केबिनचं वाहन) लावून ओढता येतो आणि टर्मिनलवर त्याच्या खाली रेल्वेची दोन ॲक्सलची बोगी (इथे बोगी म्हणजे डबा नव्हे, चाकांचा सांगाडा) सरकवली की तोच ट्रेलर रेल्वेचा डबा होतो, खाली वेगळी वॅगन लागत नाही. हवेच्या सस्पेन्शनने ट्रेलर उचलतात, बोगीवर बसवतात, रस्त्याची चाकं वर ओढून घेतात, आणि पुढचा ट्रेलर त्याच बोगीला येऊन जोडला जातो म्हणजे दोन ट्रेलरमध्ये एक बोगी. इंजिनाजवळ एक वेगळी जोडणी बोगी लागते कारण इंजिनाचा कपलर (डबे अडकवायची कडी) आणि ट्रेलरची जोडणी वेगळी असते. मोठी क्रेन लागत नाही, रुळाच्या पातळीत काँक्रीट केलेली जागा पुरते. अमेरिकेत नॉरफोक सदर्न रेल्वेची ट्रिपल क्राऊन सेवा याच पद्धतीने 1986 पासून चालली, 2015 मध्ये बरीचशी बंद झाली आणि उरलेली गाडी 2024 मध्ये थांबली. आपल्याकडे पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकने असे ट्रेलर आणि बोग्या तयार केल्या.

आता पहिली आणि सगळ्यात मोठी अडचण, पात्रता. तुमचा साधा चाळीस फुटी ट्रेलर यात चालत नाही. कितीही नवीन असो, कितीही मजबूत असो, चालत नाही. कारण सरळ आहे, रस्त्यावर ट्रेलरला फक्त आपला आणि मालाचा भार सांभाळायचा असतो, पण रेल्वेत मागे जोडलेल्या सगळ्या ट्रेलरची ओढ आणि ब्रेक लागल्यावरचा धक्का त्याच्या चासीतून जातो. त्यासाठी चासी मुळातच वेगळी बनवावी लागते, पुढे किंगपिनच्या (ट्रेलर घोड्याला अडकवायच्या खुंट्याच्या) ठिकाणी आणि मागे जोडणीची खास व्यवस्था असावी लागते. फॅब्रिकेटरकडून हुक वेल्ड करून आणलेला ट्रेलर घेऊन जायचा विचार कोणी करत असेल तर कृपा करून करू नका, पैसे जातील आणि जीवही जाईल.

असा ट्रेलर रुळावर चालण्यासाठी लखनऊच्या आरडीएसओची (रेल्वेची डिझाइन आणि संशोधन संस्था) डिझाइन मंजुरी लागते आणि रेल्वे सेफ्टी कमिशनरची परवानगी लागते. हे सेफ्टी कमिशनर रेल्वे मंत्रालयाखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात, त्यामुळे डीआरएम, म्हणजे रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकाच्या, ऑफिसात कितीही ओळख असली तरी तिथून ही परवानगी निघत नाही. आणि ही मंजुरी त्या मॉडेलला मिळते, तुमच्या एकट्या ट्रेलरला नाही. म्हणजे वैयक्तिक मालकाने "माझ्या ट्रेलरला रेल्वेवर चालवायची परवानगी द्या" असा अर्ज कुठेही केला तरी तो परत येणारच, कारण तसा अर्जच अस्तित्वात नाही. स्वतःची मालगाडी चालवायची म्हणाल तर रेल्वेच्या गुंतवणूक स्कीम पाहा, 2018 च्या जनरल पर्पज वॅगन स्कीममध्ये किमान एक पूर्ण रेक, म्हणजे एका मालगाडीचे सगळे डबे, घ्यावा लागतो, दोन-चार ट्रेलरवाल्याचं ते काम नाही.

मग छोट्या माणसाला मार्ग कोणते? माल पाठवणारा म्हणून ऑपरेटरशी, म्हणजे रोडरेलरची गाडी चालवणाऱ्या कंपनीशी, बुकिंग, नाहीतर टर्मिनलपर्यंत आणि टर्मिनलपासून पुढे घोडा लावायचं कंत्राट. दोन्हींसाठी अर्ज ऑपरेटरकडे जातो, रेल्वेकडे नाही. बहुतेक जण इथेच चुकतात.

दुसरा घोळ म्हणजे लोक तीन वेगळ्या गोष्टी एक समजतात. रोडरेलर वर सांगितलं. रो-रो म्हणजे अख्खा ट्रक ड्रायव्हरसकट सपाट वॅगनवर चढतो, कोकण रेल्वेने 26 जानेवारी 1999 ला कोलाड ते वेर्णा सुरू केली ती, आणि मालवाहतुकीच्या खास कॉरिडॉरवर न्यू रेवाडी ते न्यू पालनपूर चालते तीही त्याच जातीची. रो-रोत तुमचा साधा ट्रक चालतो, उंची आणि वजन त्यांच्या मर्यादेत असलं की झालं, पण त्यासाठी तुम्हाला त्या टर्मिनलपर्यंत रस्त्याने जावं लागतं. तिसरं म्हणजे कंटेनर, जो कॉन्कॉर या सरकारी कंटेनर कंपनीच्या डेपोतून जातो, तिथे ट्रेलर मागेच राहतो आणि फक्त डबा गाडीवर चढतो. नागपूरच्या दहातल्या आठ माणसांना खरं म्हणजे तिसरी गोष्ट पाहिजे असते आणि ते अर्ज पहिलीचा करतात. आधी स्वतःला विचारा की माल जाऊ द्यायचाय, ट्रक जाऊ द्यायचाय, की ट्रेलर.

तिसरा मुद्दा निव्वळ नागपूरचा. आपल्या शहरात दोन रेल्वे आहेत. नागपूर जंक्शन, अजनी, बुटीबोरी, सिंदी, वर्धा ही मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात, ज्यांचं मुख्यालय मुंबई. कळमना, इतवारी, कामठी ही दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात, मुख्यालय बिलासपूर. दोन्हींची डीआरएम ऑफिसं नागपुरातच, दोन्हींच्या पाटीवर नागपूर विभाग लिहिलेलं. कळमन्याहून बुक झालेल्या मालाचा अर्ज मध्य रेल्वेत दिला की तो टेबलावर पडून राहतो, कोणी सांगत नाही की हा आमचा नाही. अर्जाच्या पहिल्याच ओळीत बुकिंगचं स्टेशन आणि झोन लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आता रोडरेलरला चालणाऱ्या ट्रेलरचे कागद. आरसी, फिटनेस, इन्शुरन्स, परमिट, हे सगळ्यांना माहीत आहे. अडतं ते इथे की ट्रेलरची आरसी घोड्यापेक्षा वेगळी असते आणि रोडरेलरमध्ये घोडा नागपूरलाच राहतो. तिकडे दुसऱ्याचा घोडा लागतो. म्हणजे ट्रेलरचा प्रत्येक कागद एकट्याने उभा राहिला पाहिजे. एमएच 31, 40, 49, कुठलाही नंबर असो, आरसीवरचा चासी नंबर ट्रेलरवर ठोकलेल्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळतो का ते आरटीओत जाण्याआधी स्वतः पाहा, एक शून्य आणि ओ यांची अदलाबदल झाली तरी टर्मिनलवाला परत पाठवतो. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचं असतं, नंतर दरवर्षीचं. ट्रेलर रेल्वेवर असताना फिटनेस संपलं तर रेल्वेला त्याचं काही नाही, पण पलीकडे उतरल्यावर ट्रेलर रस्त्यावर काढता येत नाही आणि जागेचं भाडं चढत राहतं. निघताना किमान महिनाभर मुदत शिल्लक ठेवा.

वजनाचं अजून वेगळं. जुलै 2018 च्या अधिसूचनेने सेमी-ट्रेलरच्या तीन ॲक्सलना मिळून 27 टन दिलेत, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 194 ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वर दर टनाला 2,000 लावतं. पण रेल्वेत मोजमाप बोगीचं असतं, एका बोगीवर दोन ट्रेलरची टोकं बसतात. एकूण वजन बरोबर पण माल सगळा मागच्या बाजूला लावलाय, असं झालं की ट्रेलर बाजूला काढतात. धरमकाट्याची पावती एकूण वजनाची असते, ती दाखवून भांडू नका, माल भरतानाच सारखा पसरवा.

आता ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, कारण सगळ्यात जास्त दंड इथे बसतो. परराज्यात जाणारा 50,000 रुपयांच्या वरचा माल असला की लागतं (महाराष्ट्राच्या आत हीच मर्यादा एक लाख आहे, पण रेल्वेने इतक्या लांब पाठवताना तिचा उपयोग नाही). बुटीबोरीच्या फॅक्टरीतून टर्मिनलपर्यंत रस्ता, म्हणून बिलाच्या भाग ब मध्ये, म्हणजे वाहनाची माहिती टाकायच्या भागात, घोड्याचा नंबर. टर्मिनलवर ट्रेलर गाडीला लागला की भाग ब मध्ये मोड बदलून रेल्वे करायचा आणि रेल्वे पावतीचा, म्हणजे आरआरचा, नंबर आणि तारीख टाकायची. पलीकडे उतरला की परत भाग ब, नवीन घोड्याचा नंबर. तीन वेळा. यातली मधली पायरी लोक सोडून देतात, वर सांगतात की रेल्वेला तर नंतरही काढता येतं. हो, निव्वळ रेल्वेने जाणाऱ्या मालाचं ई-वे बिल गाडी सुटल्यावरही काढता येतं, पण ते दाखवल्याशिवाय रेल्वे माल सोडत नाही, आणि तुमचा माल तर सुरुवातीलाच रस्त्यावरून गेलाय, तिथे ही सवलत लागू नाही.

ई-वे बिलाची मुदत नीट समजून घ्या. 2021 पासून दर 200 किलोमीटरला एक दिवस. अकराशे किलोमीटर असेल तर सहा दिवस. पण हे दिवस पहिल्यांदा भाग ब भरला त्या क्षणापासून धावतात, गाडी सुटल्यापासून नाही, आणि रोडरेलरमध्ये रेक पूर्ण भरेपर्यंत ट्रेलर टर्मिनलवर उभा असतो. तीन दिवस तिथेच गेले तर हातात तीनच उरले. वाढवता येतं, पण मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढीच खिडकी आहे, आणि त्या वेळी बिल ज्या ट्रान्सपोर्टरच्या नावावर आहे त्यालाच वाढवता येतं. तुम्ही बिल ऑपरेटरला असाइन केलं की ते तुमच्या हातातून गेलं, परत तुम्ही दुसऱ्याला देऊ शकत नाही. म्हणून असाइन करण्याआधी ऑपरेटरचा रात्री फोन उचलणारा माणूस कोण ते विचारून ठेवा, बिलं मध्यरात्री संपतात. नंबरात एक-दोन अक्षरांची चूक झाली असेल तर घाबरू नका, 2018 च्या परिपत्रकाप्रमाणे केंद्राचे 500 आणि राज्याचे 500 एवढाच दंड आहे, त्या परिपत्रकाची प्रत ड्रायव्हरकडे द्या. मुदतच संपलेली असेल तर मात्र जीएसटी कायद्याच्या कलम 129 खाली कराच्या दुप्पट दंड मागतात.

शेवटचा आणि सगळ्यात दुःखाचा विषय, नुकसानीचा दावा. माल भिजला, फुटला, कमी आला. रेल्वे कायदा 1989 चं कलम 106 सांगतं की लेखी नोटीस सहा महिन्यांत द्यायची. सहा महिने कधीपासून? माल रेल्वेच्या ताब्यात दिला त्या तारखेपासून. माल मिळाला त्या तारखेपासून नाही, नुकसान कळलं त्या तारखेपासून नाही, ऑपरेटरने "बघतो" म्हटलं त्या तारखेपासून तर नाहीच. डिलिव्हरीपासून सहा महिने मोजत बसलेली चांगली माणसं हक्काचे पैसे घालवून बसलेली पाहिली आहेत, फार वाईट वाटतं. नोटीस बुकिंगच्या रेल्वेला, पोचण्याच्या स्टेशनच्या रेल्वेला किंवा जिथे नुकसान झालं त्या रेल्वेला चालते.

पण त्याआधी बघा की आरआर कोणाच्या नावावर आहे. रोडरेलरमध्ये अख्खी गाडी ऑपरेटर बुक करतो, आरआर त्याच्या नावाची, तुमच्या हातात फक्त त्याची बिल्टी, म्हणजे माल घेतल्याची त्याची पावती. मग रेल्वेकडे तुमचा दावा उभाच राहत नाही, दावा ऑपरेटरवर करायचा, आणि तो रस्ता वाहतूक कायदा 2007 खाली कॉमन कॅरिअर (सगळ्यांचा माल भाड्याने नेणारा नोंदणीकृत वाहतूकदार) असेल तर कलम 16 प्रमाणे नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत. इथेही बुकिंगपासून. दोन्हीकडे गफलत नको म्हणून नोटीस ऑपरेटरला आणि रेल्वेला दोघांनाही स्पीड पोस्टाने, रजिस्ट्रेशन लावून, त्याच दिवशी पाठवा, खर्च थोडाच आहे.

आणि आरआर तुमच्या नावावर असेल तर बुकिंग करतानाच मालाची किंमत लिहून द्या आणि त्या किमतीवरचा टक्केवारी आकार भरा. किंमत लिहिली नाही तर रेल्वे कायद्याच्या कलम 103 खाली रेल्वे किलोला 50 रुपयांच्या वर देत नाही, मग आत मोटारीचे सुटे भाग असोत नाहीतर औषधं. फॉरवर्डिंग नोटमधला (माल बुक करताना भरायच्या फॉर्ममधला) तो रकाना क्लार्क घाईत रिकामा सोडायला सांगतात, सोडू नका.

इन्शुरन्सबद्दल एक दिलासा. ट्रेलरच्या मोटार पॉलिसीत स्वतःच्या नुकसानीचं कव्हर रेल्वेने नेताना पण लागू असतं, तसं छापलेलंच असतं, फक्त ट्रेलरची किंमत घोड्यापासून वेगळी दाखवलेली पाहिजे. मालाची पॉलिसी वेगळी, तिच्यावर रेल्वे किंवा रस्ता असं दोन्ही लिहिलंय का ते बघा, नुसतं रस्ता असेल तर एजंटकडून बदलून घ्या.

रेल्वेने दावा नाकारला किंवा उत्तरच दिलं नाही तर नोटीस दिल्यापासून तीन महिने थांबून रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलमध्ये जाता येतं, त्याचं खंडपीठ नागपुरातच आहे, आणि एकूण मुदत माल ताब्यात दिल्यापासून तीन वर्षं. सोबत लागतं ते आरआर किंवा बिल्टी, बीजक, नुकसान झाल्यावर टर्मिनलवर घेतलेला शेरा आणि नोटिशीची पोस्टाची पोच. यातला टर्मिनलचा शेरा नंतर कोणी देत नाही, तो ट्रेलर उतरवताना सील तुटलेलं दिसलं त्याच क्षणी, घोडा लावायच्या आधी, लिहून घ्यायचा.