गणिताले नोबेल काहून नाही?

विदर्भातल्या खेड्यात तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन असलं, की मांडवात हा प्रश्न येतोच: "सर, गणिताले नोबेल काहून नाही?" मग कोणीतरी डोळे मिचकावत सांगतं, नोबेलची बायको एका गणितज्ञासोबत पळाली, म्हणून त्यानं राग काढला. आमच्या शाळेतही हीच गोष्ट होती.

पण आल्फ्रेड नोबेलचं लग्नच झालं नव्हतं! मग पळायला बायको कुठून आणता बाप्पा? ज्याच्यावर हा आळ येतो तो गणितज्ञ मिटाग-लेफ्लर. नोबेलनं १८६५मध्ये स्वीडन सोडलं तेव्हा हा जेमतेम १९ वर्षांचा होता. दोघांत वैर असल्याचा भक्कम पुरावाही नाही.

२७ नोव्हेंबर १८९५च्या मृत्युपत्रात नोबेलनं पाचच विषय लिहिले: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वैद्यक, साहित्य आणि शांतता. पहिले दोन रॉयल स्वीडिश अकॅडमी ऑफ सायन्सेसकडे सोपवले. गणित का नाही, याचं कारण त्यानं लिहून ठेवलं नाही. मानवजातीच्या उपयोगाचं काम करणाऱ्यांना पुरस्कार द्यायचे होते, आणि तो स्वतः डायनामाइटवाला, रसायनांत रमणारा माणूस. मला तर एवढं पुरेसं वाटतं.

अर्थशास्त्राचा पुरस्कारही त्याच्या मृत्युपत्रात नव्हता. तो स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेनं १९६८मध्ये सुरू केला. आणि गणितवाले काही उपाशी नाहीत. १९३६पासून फील्ड्स पदक आहे, २००३पासून नॉर्वेच्या अकॅडमीचा आबेल पुरस्कार. २००७चा आबेल तर चेन्नईत जन्मलेल्या एस. आर. श्रीनिवास वरधन यांना मिळाला.