ब्लीच आणि ॲसिड मिसळल्याने बाथरूम अधिक स्वच्छ होते का?

ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र ओतले की डाग लवकर निघतात, असा सल्ला हॉटेलात हाउसकीपिंगच्या कामाला नव्याने लागलेल्यांना अजूनही दिला जातो. तो चुकीचा तर आहेच, शिवाय जिवावर बेतणारा आहे. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असते आणि आपल्याकडच्या अनेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड, त्यामुळे दोन्ही मिसळताच विषारी क्लोरीन वायू सुटतो, जो खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतो. नाकाला झोंबणारा हाच वास काहीजण स्वच्छतेची खूण मानतात, हे विशेष! प्रत्यक्षात क्षारांचे डाग ॲसिडने निघतात आणि जंतू ब्लीचने मरतात, म्हणून ही कामे वेगवेगळ्या वेळी, मध्ये भरपूर पाण्याने धुऊनच करावीत. चुकून मिश्रण झालेच तर ताबडतोब बाहेर पडून सुपरवायझरला कळवावे.