फ्लूचा विषाणू मेंदूत काय करतो? शंभर वर्षांचा संशय

१९१७ साली व्हिएन्नाच्या कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो यांनी एका चमत्कारिक आजाराची नोंद केली. रुग्ण दिवसेंदिवस झोपून राहत. वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे कंपवात जडला. पाठोपाठ १९१८ ची फ्लूची साथ आली आणि दोन्हींची सांगड घातली गेली. खरं तर या आजाराचे रुग्ण साथीच्या आधीपासून दिसत होते. जपून ठेवलेल्या मेंदूंच्या नमुन्यांत फ्लूचा आरएनए शोधून पाहिला, तोही २००१ च्या तपासणीत सापडला नाही. माझ्या मते तो आळ टिकत नाही. प्रश्न मात्र उरला: श्वासमार्गात वाढणारा हा विषाणू मेंदूत कशाच्या जोरावर तग धरेल?

धागा सापडला तो उंदरांत. १९३३ साली लंडनमध्ये माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला गेला. विल्सन स्मिथ यांच्या आद्याक्षरांवरून तो 'डब्ल्यूएस' झाला. उंदरांच्या मेंदूत पुन्हा पुन्हा टोचून त्याचा मेंदूत रुळलेला वाण तयार झाला, 'डब्ल्यूएसएन'. विषाणूवरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन शरीरातल्या एखाद्या विकराने (एन्झाइमने) कापल्याशिवाय संसर्ग पुढे सरकत नाही आणि अशी विकरं मुख्यतः श्वासमार्गात असतात. १९९८ मध्ये गोटो आणि कावाओका यांनी दाखवलं की डब्ल्यूएसएनच्या न्यूरामिनिडेज या दुसऱ्या प्रथिनावर एका ठिकाणी साखरेची साखळीच नाही. त्यामुळे ते रक्तातल्या प्लाझ्मिनोजेन या प्रथिनाला धरून ठेवतं, त्याचं प्लाझ्मिन हे विकर बनतं आणि तेच हिमॅग्लुटिनिन कापतं. सुरी शरीराचीच, विषाणूने ती फक्त जवळ ओढून घेतली. एवढी मोठी गोष्ट एका साखळीच्या नसण्यावर अवलंबून असावी, याचं मला अजून नवल वाटतं.

२००९ मध्ये अमेरिकेत एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू उंदरांच्या नाकात सोडला गेला. तो मज्जातंतूंवाटे मेंदूत पोहोचला. विषाणू निघून गेल्यावरही अल्फा-सिन्युक्लिनच्या गुठळ्या मागे राहिल्या. हे मेंदूच्या पेशींमधलं नेहमीचं प्रथिन, पण कंपवातात त्याचेच गोळे दिसतात. मग २०२० मध्ये डोपामिन (कंपवातात मेंदूत कमी पडणारं रसायन) बनवणाऱ्या मानवी पेशींना एच१एन१ या फ्लूच्या विषाणूची लागण करून पाहण्यात आली. अल्फा-सिन्युक्लिन आणि स्किझोफ्रेनियाशी जोडलं गेलेलं डिस्क१ हे प्रथिन यांच्या गुठळ्या झाल्या. मेंदूच्या इतर आजारांत साचणाऱ्या टाऊ आणि टीडीपी-४३ या प्रथिनांच्या झाल्या नाहीत. ही निवड मला सर्वांत बोलकी वाटते. गुठळ्यांमागचं कारणही दिसलं: पेशीची स्वतःचा कचरा साफ करण्याची यंत्रणा विषाणूने अडवली होती. फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे औषध दिल्यावर अल्फा-सिन्युक्लिनच्या गुठळ्या होणं थांबलं.