संमतीच्या अलीकडे आणि पलीकडे : स्टोइक विचारांचा ख्रिस्ती प्रवास

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात इटलीकडे निघालेले एक जहाज आयोनियन समुद्रात वादळात सापडले. प्रवाशांमध्ये एक नावाजलेला स्टोइक तत्त्वज्ञ होता आणि त्याचाही चेहरा पांढराफटक पडल्याचे ऑलस गेलिअस या सहप्रवाशाने नोंदवून ठेवले आहे. वादळ शमल्यावर गेलिअसने कारण विचारले, तेव्हा तत्त्वज्ञाने पिशवीतून एपिक्टेटस या स्टोइक गुरूचा ग्रंथ काढून दाखवला. त्यातील उत्तर असे : चेहऱ्याचा रंग उडणे आपोआप घडते, समोरचे संकट खरोखरच अनिष्ट आहे या कल्पनेला बुद्धीने संमती दिली, तरच तिला भीती म्हणायचे, आणि शहाणा माणूस ती संमती देत नाही.

इ.स.पू. 300 च्या सुमारास झेनोने अथेन्समध्ये सुरू केलेल्या या पंथाच्या मते चांगले जीवन केवळ सद्गुणावर अवलंबून असते. संपत्ती, आरोग्य, प्रत्यक्ष प्राणसुद्धा त्यासाठी अपरिहार्य नाहीत, आणि हे एकदा मनोमन पटले की भीतीला व हावेला आधारच उरत नाही. अंगावर थंड पाणी उडाल्यावर येणारा शहारा मात्र कोणालाच चुकत नाही, हे सेनेका या रोमन स्टोइकाने क्रोधावरील ग्रंथात मान्य केले आहे. मनाच्या अशा पहिल्या हालचालीत त्याला दोष दिसत नव्हता.

ख्रिस्ती साधूंनी हीच पहिली हालचाल हेरली, पण तिच्यामागे त्यांना सैतान दिसला. इ.स. 383 च्या सुमारास इजिप्तच्या वाळवंटात गेलेल्या इव्हाग्रिअस या साधूने खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, क्रोध, कंटाळा, मानाची हाव आणि गर्व असे आठ कुविचार सांगितले. ते मनात येणे आपल्या हाती नाही, त्यांना थारा देणे न देणे मात्र आहे, हे त्याचे म्हणणे जवळजवळ एपिक्टेटसचेच आहे. भर दुपारच्या कंटाळ्याचे त्याचे वर्णन तर आजही चपखल वाटते : सूर्य हलतच नाही, दिवस पन्नास तासांचा भासतो, साधू सारखा खिडकीकडे पाहतो आणि जेवणाची वेळ झाली का हे बघायला कोठडीबाहेर येतो.

विकारांपासून पूर्ण मुक्त होण्याचे इव्हाग्रिअसचे हे ध्येय बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या जेरोमला पटले नाही. असा माणूस एक तर दगड असेल किंवा देव, असा टोला त्याने हाणला. ऑगस्टिन या ख्रिस्ती बिशपने गेलिअसच्या जहाजाची तीच गोष्ट सांगून हा वाद मुख्यतः शब्दांचा असल्याचे म्हटले खरे, परंतु मनात उठणारी सूचना, तिच्यातले सुख आणि तिला दिलेली संमती अशा पापाच्या तीन पायऱ्या मांडताना त्याने मनाच्या अनैच्छिक हालचालीला पापाच्या उंबरठ्यावर आणून बसवले. माझ्या मते खरा बदल येथे झाला.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने कंटाळा खिन्नतेत मिसळला, मत्सराची भर घातली आणि गर्वाला मूळ ठरवून त्याखाली सात दुर्गुण मांडले. तोवर इव्हाग्रिअसचे नाव चर्चने निषिद्ध ठरवले होते. त्याचे काही लेखन नायलस या दुसऱ्याच साधूच्या नावावर वाचले जात राहिले.